मागच्या डाव्या चाकाजवळची लाल रेघ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता आणि आजही फारसा नाही. इथले अनुभव मी नियमित वाचते, आणि वाचता वाचता उत्तर शोधायची मला खोड आहे. बहुतेक वेळा ते सापडतं... उंदीर असतो, वारा असतो, नाहीतर सांगणाऱ्याच्या अंगात ताप असतो. माझ्या स्वतःच्या अनुभवात यातलं काहीच बसलं नाही, म्हणून लिहितेय.

मी नागपूरला एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. प्रवेशाच्या दिवसांत सगळीकडून पालक ओरडत असतात, तेव्हाही माझ्या टेबलावर कागदाला कागद जुळलेला असतो. घरी तेच. कामांची यादी फ्रिजवर, झालं की टिक. अविनाशशी माझं लग्न चाळिशी ओलांडल्यावर झालं — माझं पहिलं, त्याचं दुसरं. त्याची पहिली बायको शुभांगी मोठ्या आजारात धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारली, आमची ओळखही व्हायच्या आधी. तिला मी कधी पाहिलेलं नाही. पाहिली ती फोटोत... आणि जीपखाली.

जीपखाली म्हणजे काय, ते सांगते.

अविनाशकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे. दर हिवाळ्यात तो आणि त्याचे मित्र आपापल्या गाड्या घेऊन सातपुड्याकडे निघतात. रस्ता नसतोच — नाल्यातले दगड, चिखल, अंगावर येणारे चढ. त्यामुळे निघण्याआधी गाडी पार खोलून, तपासून पुन्हा जोडायची असते. यात एक पद्धत असते. नट पुरता कसला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं. आणि नियम एकच — जो कसेल, त्यानेच रेघ ओढायची.

बाकीचे पिवळा पेंट मार्कर वापरतात. शुभांगी नेलपॉलिश वापरायची. गडद लाल.

लग्नानंतर मी हौसेने पहिल्यांदा जीपखाली शिरले, टॉर्च मारला, आणि जिकडेतिकडे त्या लाल रेघा. प्रत्येक रेघ शेवटी किंचित वर वळलेली, एखाद्याच्या सहीसारखी. आमच्या घरात मी पडदे बदलले, भांडी बदलली, कपाटांच्या जागा बदलल्या. जीपच्या पोटाखाली मात्र ती जशीच्या तशी होती.

मेलेल्या बाईवर जळणं फार गैरसोयीचं असतं. तिच्याशी भांडता येत नाही. तिची चूक निघत नाही. ती जाडही होत नाही. आणि ग्रुपमधले लोक तर तिचं कौतुक मला ऐकवायला टपलेलेच. अविनाशचा जिवलग मित्र बंडूभाऊ यात सगळ्यात पुढे. मनाने सोन्यासारखा माणूस, पण तोंडाला ब्रेक नाही.

"शुभांगीवहिनी त नुसता कान लावून सांगे, कोणतं बेअरिंग बोलून राहिलं ते," तो म्हणायचा. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही बी शिकसान वहिनी. हळूहळू."

हळूहळू! मी लगेच शिकले. पान्यांचे नंबर पाठ केले, व्हिडिओ बघितले, सुट्टीच्या दिवशी हात काळे केले. त्या जीपखालून मला माझा नवरा परत नको होता का? हवाच होता.

मागच्या हिवाळ्याआधी अविनाशचा उजवा खांदा आखडला. केस विंचरायलाही हात वर जाईना. ट्रिप रद्द करू म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नाही, गाडी मी तयार करते. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. यंदा एकेक नट माझ्या हातून जाणार होता.

कामाला लागले. ऑइल, ब्रेक, रेडिएटरचे पाइप. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले होते, ते नवे आणले. पाटे आणि एक्सल यांना एकत्र आवळून धरणारे यू-बोल्टही नवे. जुने बोल्ट लाल रेघांसकट भंगाराच्या पोत्यात टाकले. ते पोतं मी स्वतः बांधलं, जरा जास्तच घट्ट. संध्याकाळी बघते तर त्यातला एक बोल्ट पोर्चमधल्या फळीवर पुसून ठेवलेला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"राहू दे," अविनाश म्हणाला. बस, एवढंच.

यू-बोल्ट कसायला रविवारी बंडूभाऊ आला. टॉर्क रेंच त्याच्याकडे — हा पाना ठरवलेल्या जोरापर्यंत नट कसला की 'कट्ट' वाजतो. उरकायला हवं होतं म्हणून मी काम वाटून घेतलं. तो पुढे कसत जाणार, मी मागोमाग पिवळी रेघ ओढत जाणार. नियम मोडतोय हे मला कळत होतं. पण तो नियम शुभांगीने लावलेला होता, हेही मला माहीत होतं.

मागच्या डाव्या चाकाशी, शेवटच्या नटावर असताना त्याचा फोन वाजला. "आलोच वहिनी, गांधीबागेतून पार्टीचा फोन हाय," म्हणत तो गेटबाहेर गेला. त्याचं कापडाचं दुकान आहे. मी रेघ ओढली, मार्करला टोपण लावलं आणि हात धुवायला आत गेले.

दुसऱ्या रविवारी टेस्टसाठी आम्ही तिघं खाप्याला गेलो. कन्हानच्या कोरड्या पात्रात, रेतीत आणि गोट्यांत मी जीप मनसोक्त दामटली. अविनाश बाजूला बसून एका हाताने दांडा धरून होता. बंडूभाऊ मागच्या सीटवर उडत होता आणि शिव्या गिळत होता. गाडी छान चालली. काठावर डबा खाल्ला, परत आलो.

नवे बोल्ट धक्क्यांनी बसतात, म्हणून टेस्टनंतर ते पुन्हा तपासायचे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी जीपखाली शिरले. बंडूभाऊ स्टुलावर चहा घेत होता, अविनाश चांगल्या हाताने टॉर्च धरून.

सगळ्या रेघा सरळ होत्या. शेवटच्या नटावरची तुटलेली होती.

"बंडूभाऊ," मी खालूनच विचारलं, "मागचा डावा, आतल्या बाजूचा नट... तुम्ही कसला होता ना?"

"मी? मी त फोनवर गेलो होतो. आलो त पिवळी रेघ दिसली. मले वाटलं, तुम्ही कसला."

"आणि मला वाटलं, तुम्ही कसून मग गेलात."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "बाप्पा! म्हणजे काल आपण हातानं लावलेल्या नटावर नाचून राहिलो होतो? एक्सल सरकला असता त गाडी गेली असती ना गोट्यायवर उलटी!"

मी टॉर्क रेंच लावला. लावताक्षणी — कट्ट. नट तसूभरही हलला नाही.

मग नीट पाहिलं. पिवळ्या रेघेचा नटावरचा तुकडा कसायच्या दिशेने चांगला पुढे सरकला होता. नट ढिला झाला नव्हता. मी रेघ ओढल्यावर कोणीतरी तो कसला होता, अगदी हवा तेवढा.

आणि दुसऱ्या बाजूला, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत, एक रेघ अखंड होती. गडद लाल. शेवटी किंचित वर वळलेली.

मी नख दाबून पाहिलं. नखाची खूण उमटली. आतून अजून ओली होती.

मी बाहेर आले. अविनाशने टॉर्च घेतला, कसाबसा एका कुशीवर आडवा झाला. बराच वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते.

"नीलिमा," तो आतून म्हणाला, "तू लावलंस?"

त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. आमच्या लग्नातही नाही.

खोटं बोलायचा मोह झाला. क्षणभर झालाच. पण मी नेलपॉलिश लावत नाही, हे त्यालाही माहीत होतं. "नाही," मी म्हटलं.

"अवी, तूच केलं का गा हे?" बंडूभाऊने विचारलं.

"हात वर जातो का माझा? तुझा पाना तर तू घरी घेऊन गेला होतास."

"हाव ना. काल बी गाडीत नव्हता तो. मी आज आणला." एवढं बोलून बंडूभाऊ गप्प झाला. त्या माणसाला गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अविनाश बाहेर आला, केसांना माती लागलेली. तो घाबरला असता तर मला चाललं असतं. त्याचा चेहरा उजळला होता. बाहेरगावच्या माणसाचा खूप दिवसांनी फोन यावा, तसा.

मी तडक हत्यारांची पेटी उघडली. शुभांगीची नेलपॉलिशची बाटली अविनाशने त्या पेटीत ठेवली आहे, आणि इतकी वर्षं मी ती सहन केली आहे. बाटली होती. आतला रंग वाळून दगड झालेला, ब्रश त्यात रुतलेला. टोपणही फिरलं नाही. तशी दुसरी बाटली घरात नाही. त्या आठवड्यात जीप पोर्चमध्ये होती, गेटला कुलूप. खाप्यालाही आम्ही गाडीजवळून हललो नव्हतो. मग कोण, कधी, कुठल्या पान्याने?

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. माझी चूक तिने दुरुस्त केली होती, आणि वर सही करून गेली होती!

"आपल्या तिघांचा जीव वाचला," संध्याकाळी अविनाश म्हणाला.

"मी तपासणारच होते," मी म्हटलं.

"खाप्याहून आल्यावर."

मी ताटं वाढायला घेतली. तो मात्र जेवताना गुणगुणत होता. त्याला गुणगुणता येतं, हे मला माहीत नव्हतं.

ट्रिपला गेलो. अवघड चढावर जीपचं पुढचं चाक हवेत गेलं, सगळं वजन मागच्या डाव्या बाजूवर आलं, आणि यू-बोल्टने ते पेललं. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बंडूभाऊने ग्रुपमध्ये कोणाला काही सांगितलं नव्हतं, त्याचे मी आभार मानते. पण मला शाबासकी देताना तो माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत होता.

इथे संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंच नसतं.

यंदा अविनाशचा खांदा बरा झाला. मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून गाडी तयार केली. अर्धे नट त्याचे, अर्धे माझे. एका दुपारी तो जेवून आडवा झाला होता आणि मी झाडू घेऊन पोर्चमध्ये गेले. जीपच्या मागे जादा टायर लटकवायची चौकट असते, ती त्याने सकाळीच बसवली होती. माझा हात सहज तिच्या नटाला लागला आणि नट फिरला. बोटांनी फिरला. त्याच्यावर पिवळी रेघ होती. अविनाशच्या हातची, ताजी.

अविनाश नट विसरणारा माणूस नाही. एकदाही विसरलेला नाही. आणि त्याने निवडली होती ती जागाही अशी, की नट निसटला तर टायर पडेल, माणसाला इजा होणार नाही.

मी तिथे झाडू धरून उभी राहिले. मग आतून यंदा घेतलेला आमचा टॉर्क रेंच आणला आणि नट कसला, कट्ट वाजेपर्यंत. तुटलेली रेघ थिनरने पुसली आणि नवी ओढली. पिवळी, सरळ.

सकाळी चहाआधी तो बाहेर गेला. मी खिडकीतून पाहत होते. तो थेट जीपच्या मागे गेला, वाकला, नटावर बोट ठेवलं. मग नट फिरवून पाहिला. फिरला नाही. त्याने खाली वाकून दुसऱ्या बाजूनेही बघितलं, लाल रेघ शोधत असल्यासारखं.

मी चहा घेऊन गेले. "तो मी कसला," मी म्हटलं. "काल दुपारी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "बरं केलंस," म्हणाला, आणि कप घेतला.

तो पहिला नट कोणी कसला, ते मला आजही माहीत नाही. सगळ्या शक्यता मी मांडून पाहिल्या, एकही टिकली नाही. आता गाडी बाहेर निघायच्या आधी सगळे नट मी स्वतः दोनदा तपासते, अविनाशचेही. ग्रुपमध्ये म्हणतात, नीलिमावहिनी सेफ्टीच्या बाबतीत फार कडक. म्हणू देत. तिला आमच्याकडे यायला काही काम उरू नये, एवढंच मी बघते.