पॅनकार्डावरचा बाप

माझं पॅनकार्ड माझ्याच माइकवर वाचलं गेलं.

शनिवारची संध्याकाळ. अमरावतीतल्या एका हॉटेलची गच्ची. मालक तिला पब म्हणायचा, खालच्या पाटीवर लाउंज लिहिलं होतं आणि गावातली माणसं वरचा बार म्हणायची. टेबलं भरलेली. दोन गाणी झाली होती. तिसऱ्याची सुरावट की-बोर्डवर सुरू झाली आणि मालक स्टेजवर चढला. हातात आमच्या कागदांच्या झेरॉक्स. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हातानं माइक काढून घेतला आणि लोकांना म्हणाला,

“आज तुमाले आपल्या कलाकाराची खरी ओळख करून देतो.”

लोकांना वाटलं, गंमत आहे. मलाही वाटलं.

आधी त्यानं माझं नाव वाचलं. पूर्ण. ते मी इथं लिहीत नाही, ज्याला हवं त्यानं रीतसर मागावं. स्टेजवर मी वेगळ्याच नावानं गायचो. छोटं, चकचकीत, आडनाव नसलेलं. पोस्टरवरही तेच. समोरच्या टेबलावरून एकानं विचारलं, आडनाव काय म्हणले? मालकानं पुन्हा वाचलं, एकेक अक्षर सुटं करून.

“हां, म्हणजे जयंतीवाले,” तो माणूस म्हणाला. “तरीच म्हटलं आवाज एवढा मोठा कसा.”

हसले.

मग जन्मतारीख. पोस्टरवरच्या फोटोपेक्षा मी बराच म्हातारा निघालो. हसले.

मग मालक थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. वडिलांचं नाव, म्हणाला, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्या गल्ल्यातून काहीतरी लपवून नेत होतो. मग माइक तोंडाला लावला.

“उकंडा.”

उकंडा म्हणजे आमच्याकडं उकिरडा. गच्ची फुटली. टेबलं हसली, वेटर हसले, तंदूरवाला चिमटा हातात घेऊन बाहेर आला आणि काय झालं ते न कळताच हसला. बादलीतला बर्फसुद्धा खळखळला म्हणालो तर खोटं वाटेल, पण मला तो ऐकू आला.

आणि मी हसलो.

नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. आमच्या ऑर्केस्ट्राच्या धंद्यात एक रीत आहे. निवेदकानं विनोद केला की तालवाद्यवाल्यानं लगेच ठोका द्यायचा. ढम, टक, छन्. त्याशिवाय लोकांना विनोद संपल्याचं कळत नाही. आमचा ऑक्टोपॅडवाला बबलू. उकंडा हा शब्द पडला आणि माझा हात आपोआप पाठीमागं गेला, बोटांनी बबलूला खूण केली. ठोका दे. बबलूनं वाजवलं नाही. मी मान वळवून डोळे मोठे केले. पुन्हा खूण केली.

मग त्यानं वाजवलं. ढम, टक, छन्.

माझ्या बापाच्या नावावर ठोका मी मागून घेतला. मालकानं नाही. मी.

कागद मालकाच्या हातात कसे गेले तेही सांगतो. त्याच्या हिशेबनीसानं म्हणे सांगितलं की गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना जे देता त्यातून कर कापून सरकारात भरावा लागतो, त्यासाठी प्रत्येकाचा पॅन पाहिजे. बरोबर आहे. कायद्याशी माझं भांडण नाही. पण मॅनेजरनं पॅनवर भागवलं नाही. आधार मागितलं, पासबुक मागितलं, लाइटबिल मागितलं. इतके कागद की तेवढ्यात मला दुसरा जन्म काढून मिळाला असता, तोही बऱ्या घरात. आणि द्यायचे कुठं? हॉटेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या ग्रुपवर वेटर, वॉचमन, कोंबडीवाला, सोडावाला आणि मालकाचा मेहुणा.

आम्ही टाकले. फोटो काढले आणि टाकले, मॅनेजरनं त्यांवरून झेरॉक्स काढल्या. आम्हा गाणाऱ्यांना पाकिटाची सवय. कार्यक्रम झाला, पाकीट घेतलं, नमस्कार केला, निघालो. कागद कुणी मागितलाच नव्हता कधी. कागद मागितला म्हणजे आपण पक्के झालो, अशी आमची अक्कल. मी तर त्या दिवशी बबलूला सांगितलं, आता दिल्लीतला साहेब आपली फाइल उघडून बसला असन, म्हणत असन का अकोल्याचा हा सिंगर कोण.

बढाया मारणं हे माझं कामच होतं. मी गायक आणि निवेदकही. बबलू बडनेऱ्याचा, पण मी त्याला ‘थेट कोलकात्याहून’ अशी हाक मारायचो. हा वाजवायला बसला की बडनेरा स्टेशनात एक्स्प्रेस दम धरते, ड्रायव्हर म्हणतो, तिहाई होऊ द्या मग निघू, असं सांगायचो. की-बोर्डवाला मूर्तिजापूरचा. तो दुबईत एका शेखासमोर वाजवून आला, शेखानं खूश होऊन उंट दिला, पण आमच्या छोट्या लाइनच्या शकुंतला गाडीच्या डब्यात उंट काही मावेना, मान खिडकीबाहेर राहायची, म्हणून मूर्तिजापुरातच विकावा लागला. यावर लोक टाळ्या वाजवायचे. शकुंतला तेव्हा बंद पडलेली होती, हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. शीतल आमची गायिका. तिला मी इंदूरच्या मोठ्या घराण्यातली करून टाकलं होतं. ती अमरावतीतच राहायची, नवऱ्याला सोडून, एका खोलीत. कुठं, ते आम्हालाही तिनं कधी सांगितलं नव्हतं.

आणि मी स्वतः? मला बापच नव्हता. म्हणजे स्टेजवर नव्हता. मी होतो राजस्थानातल्या कुठल्याशा दरबारी गवयाचा शेवटचा शिष्य.

खरा बाप अकोल्यात होता. रेल्वेत गँगमन होता. मूर्तिजापूरच्या बाजूला उन्हातान्हात रूळ ठोकून निवृत्त झालेला. त्या संध्याकाळचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता. तो माझ्याआधी अकोल्याला पोचला. रविवारी सकाळी मी घरी गेलो तेव्हा शेजारचा पोरगा फोन घेऊन ओट्यावरच बसलेला, मला पाहिलं आणि उठून गेला. बाबा खाटेवर. चहा पीत होते.

मीच सुरुवात केली. मालक असाच आहे, पब्लिक प्यालेली होती, धंद्यात असं चालतं, असं काहीबाही. रात्रभर तयार केलेलं. त्यात दोन विनोदही होते.

बाबांनी कप खाली ठेवला.

“ते हसले त्याचं मले काही नाही,” ते म्हणाले. “लोकं जनमभर हसले. तू काहून हसला?”

मी त्यांचा कप उचलला.

“अन् ते मागून ढमढम कोनं वाजोलं?”

मी म्हणालो, बबलूनं. तेवढंच म्हणालो. खूण कुणी केली ते माझ्या तोंडून निघालं नाही. हजार लोकांसमोर उंट शकुंतलेत कोंबणारा माणूस मी, पण बापासमोर एक खरं वाक्य मला जड गेलं.

बाबांचं नाव असं का, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत. हा जन्मला तेव्हा आजीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणं शेजारणीनं उचललं आणि आजीनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. म्हणजे हे पोर आमचं नाही, टाकलेलं आहे, सापडलेलं आहे, मरणानं याच्याकडं बघू नये. त्या अडाणी बाईनं मरणाला थाप मारली. आमच्या घराण्यातली पहिली थाप ती, आणि त्या थापेनं माणूस जगला. माझ्या थापांनी काय जगवलं? पुढं घरानं धम्मदीक्षा घेतली, देव गेले, बऱ्याच गोष्टी बदलल्या. नाव बाबांनी बदललं नाही. मायनं ठेवलं, म्हणायचे.

ते नाव मी लपवलं. आणि ज्या दिवशी ते उघडं पडलं, त्या दिवशी मीच त्यावर ठोका मागितला.

तो आठवडा मी गाऊ शकलो नाही. गळा बसला म्हणून सांगितलं. गळ्याला काही झालं नव्हतं.

पुढच्या शनिवारी हॉटेलात पोचलो तर मालक खुशीत. व्हिडिओ लय चालला, म्हणाला. टेबलं आधीच बुक झालेली. पब्लिकले हे लय आवडलं, आता दर शनवारी एकेकाचं करू. आज शीतलबाईचं.

शीतल स्टेजमागं केस बांधत होती. तिनं ऐकलं. हात तसेच वर राहिले.

“दादा,” ती हळू म्हणाली, “माह्या आधारवर माहा पत्ता हाय.”

एवढंच म्हणाली. प्यालेल्या माणसांनी भरलेली गच्ची, त्यांच्या हातात फोन आणि एका खोलीत एकटी राहणारी बाई. पुढचं सांगायची गरज नव्हती. मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, तिचं नको. आधी माझंच पुन्हा वाचा म्हणालो. हेही म्हणालो मी. लाज वाटते आता सांगताना, पण तेव्हा माझी हिंमत एवढीच होती. त्यानं गालावर हलकी चापट मारली. एकच जोक दुसऱ्यांदा चालत नाही कलाकार, म्हणाला.

पहिलं गाणं संपलं. मालक झेरॉक्स घेऊन चढला. खांद्यावर हात टाकला. माइककडं दुसरा हात आला.

मी माइक दिला नाही.

“सेठ,” मी माइकवरच म्हणालो, “आज तुमचं कार्ड. तुमच्या वडलांचं नाव मी वाचतो.”

लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, नवा जोक. मालकही आधी हसला. मग त्याला माझा चेहरा दिसला.

“नाटक नोको करू बे,” तो दातात म्हणाला. “गंमत हाय ते.”

“गंमतच हाय म्हून मागून राहिलो. काढा ना.”

त्यानं मॅनेजरकडं पाहिलं. माइक मेला. पण आवाज मोठा आहे हे त्या टेबलावरच्या माणसानंच मागच्या शनिवारी जाहीर केलं होतं. मी माइक खाली ठेवला आणि तसाच बोललो.

“माह्या बापाचं नाव उकंडा. मांगच्या शनवारी तुमी हसले, मीबी हसलो. आज मी हसत नाही. ज्याले हसाचं असन त्यानं हसून घ्या. मी थांबतो.”

मी थांबलो. मागं ठोका आला नाही. वळून पाहिलं. बबलूचे दोन्ही हात मांडीवर होते.

गच्ची गप्प झाली असं लिहायला मला आवडलं असतं. झाली नाही. कोपऱ्यात एकजण हसलाच, आणखी दोघे हसले, कुणीतरी गाणं लाव म्हणून ओरडलं. मी मालकाच्या हातातून कागद घेतले. ओढूनच घेतले म्हणा. शीतलचे तिला दिले. आम्ही तिघं जिन्यानं उतरलो. लिफ्ट होती, पण तिच्यात मालकाचा मेहुणा उभा होता.

तिघं. उंटवाला थांबला. त्याला दोन लेकरं, मी त्याला काही म्हणालो नाही. त्या संध्याकाळी त्यानं एकट्यानंच कार्यक्रम ओढला म्हणतात. अजून तिथंच आहे. ग्रुपवरचे आमचे फोटोही अजून तिथंच आहेत. शीतलनं खोली बदलली. ती आता गात नाही, शिवणकाम करते.

अमरावतीतली दारं बंद झाली. हॉटेलवाल्यांचाही एक ग्रुप असतो. अकोल्यात मला आणि बबलूला कधीमधी बोलावणं येतं. कागद तिथंही मागतात आणि मी देतो. पण ग्रुपवर नाही. झेरॉक्सवर आडवी रेघ मारतो, कशासाठी दिला ते रेघेवर लिहितो, तारीख टाकतो, सही करतो आणि हिशेब बघणाऱ्याच्याच हातात ठेवतो. कर कापला त्याचा दाखला कधी देणार, तेही तिथंच विचारतो. एका मॅनेजरनं विचारलं, लय हुशार झाला का बे? हाव म्हणालो. तिथलं काम गेलं.

बाबांना मी शेवटी खरं सांगितलं. खूण मीच केली होती म्हणून. ते म्हणाले, “मले मालूम होतं.” माफ केलं, असं म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नाही. ज्याचं नाव विकलं त्याच्याकडंच सुटका मागायची, हे मला बरं वाटत नाही.

उंटाची गोष्ट मी अजून सांगतो. आता उंट शकुंतलेच्या टपावर बसून थेट अचलपूरपर्यंत जातो. दरबारी गवई मात्र मेला. कार्यक्रम सुरू होताना मी आधी माझं पूर्ण नाव सांगतो, आडनावासकट. मग सांगतो, बापाचं नाव उकंडा. आणि थांबतो. बबलू हात मांडीवर ठेवतो. कुठून तरी हसू येतंच. मी त्या माणसाला शोधतो आणि त्याच्याकडं पाहत उभा राहतो, त्याचं हसणं पूर्ण संपेपर्यंत. तिथला मालक घाई करतो, मॅनेजर हात हलवतो. मी हलत नाही.

त्याचं संपलं की मगच पहिलं गाणं.