बाईंनी दाखवलेले हात

शुद्धलेखन कच्चं, अक्षर वेडंवाकडं, सांभाळून घ्यावं. माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई टॅबची काच पदराने पुसतात, मग "चल रे बाळा" म्हणून तो चालू करतात. मी नाशिकच्या बाजारासाठी गजरे बांधत असताना त्या पाढे शिकवायला म्हणून माझं शूटिंग घ्यायला आल्या.

"बाई, तोंड नका दाखवू. पोरं लय हसतील."

"नुसते हात घेते, ताई."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीआड उभी राहिले. वर्गातल्या टीव्हीवर माझे हात गाठीगणिक दोन-दोन फुलं बांधत होते आणि पोरं ओरडत होती, "बे एके बे! बे दुणे चार!" बाईंनी माझं नाव घेतलं नाही. लेकच उठली. "हे माझ्या आईचे हात हायेत!"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही. फक्त दार उघडून ठेवलं. मी आत गेले.