रविवारी बाबा काय करतात?

विद्यापीठातल्या आमच्या जर्मनच्या वर्गात जोडीजोडीने बोलायचा सराव चालला होता. धडा होता ‘माझं कुटुंब’. मी विचारायचं, शेजारच्या सायलीने उत्तर द्यायचं. ती जर्मनमध्ये म्हणाली, “बाबा रोज सकाळी चहा करतात.”

मी गडबडले. सायलीचे बाबा गेल्या वर्षी गेले. तेव्हा मी तिच्या घरी जाऊन आले होते.

मागे उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, “छान! पुढे?”

छान काय? हे खोटं म्हणायचं का? पण मागच्या तासाला मीही घरी कुत्रा असल्याचं ठोकून दिलं होतंच की. आणि आमच्या तुटपुंज्या जर्मनमध्ये अजून कुणी साधं आजारीही पडलेलं नाही. सगळे आपले उठतात, चहा पितात, बागेत फिरायला जातात. तिथे तिचे बाबा का नसावेत? की मीच उगाच काहीतरी समजूत घालतेय स्वतःची?

“विचार ना गं,” सायली हळूच मराठीत म्हणाली.

पुस्तकातला पुढचा प्रश्न होता, रविवारी बाबा काय करतात? मी विचारला. एरवी शब्दाशब्दाला अडखळणारी सायली बोलत सुटली. मला निम्मंही कळलं नाही. तास संपला, मुलं पिशव्या उचलून निघाली, आणि मी आपली तिला विचारत होते, “आणि सोमवारी?”