पूर्वेची बारा शून्यं

बिंदुमाधवांनी चौतीस वर्षं येलहंक्याच्या एका कारखान्यात लेथवर लोखंडी कड्या कातल्या. कडी निघाली, थंड झाली, मापात बसली, की कागदावर एक रेघ. त्याआधी नाही. भोंगा झाल्यावर निघालेली कडी पुढच्या पाळीच्या नावावर, मग ती स्वतः कातलेली का असेना.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर डॉक्टरकडे. बिंदुमाधव नोव्हेंबरअखेरीला एक दिवस हेसरघट्ट्याच्या माळावर भोवत्या पक्षी मोजायला जात. भोवत्या म्हणजे घारीपेक्षा सडपातळ शिकारी पक्षी. थंडीत दूर उत्तरेकडून येतो, दिवसभर शेतांवर हिंडतो आणि संध्याकाळी माळावरच्या गवतात उतरून झोपतो. उतरायला आला की मोजायचा. त्यासाठी चार दिशांना चार माणसं, एकमेकांकडे पाठ करून. आपल्या दिशेने आला तोच आपला.

हे सगळं जमवायचा निहार. पुण्याचा, इथे कानडी मुलखात संगणकाच्या नोकरीला. स्वभावाने गोड, आणि गोडीतच सगळी गडबड होती. गेल्या वर्षी बिंदुमाधवांनी सात पक्षी मोजले. महिन्याने अहवाल मोबाईलवर आला, त्यात पूर्व दिशेपुढे तेरा. विचारलं, तर निहारने समजावून सांगितलं, की काकांच्या कागदावर बरीच शून्यं होती, ती त्याने रिकामी सोडली आणि रिकाम्या चौकटी प्रोग्रामने अंदाजाने भरल्या.

"म्हणजे न आलेले सहा पक्षी माझ्या नावावर?"

"वाढलेच ना, काका? कमी तर नाही केले."

कारखान्यात असं करणाऱ्याला बिंदुमाधव जेवताना शेजारी बसू देत नसत. वर्षभर हे त्यांच्या घशात अडकून राहिलं. यंदा ठरवून टाकलं, की आपला कागद लिहिला तसा गेला तर ठीक, नाहीतर माळाला रामराम.

"पक्षी काय साक्षीला बोलावणारेत तुम्हाला?" अनुसूयाबाईंनी नवऱ्याच्या हातात कानटोपी दिली. "ढग आहेत. स्वल्प लवकर या."

"सहाला सुटी."

निहारने याही वर्षी त्यांना पूर्व दिली. "ईस्टला ऊन डोळ्यांवर येत नाही, काका." ऊन त्या दिवशी कुणाच्याच डोळ्यांवर येणार नव्हतं, सूर्य सकाळपासून नव्हता. पक्षी येतात पश्चिमेच्या शेतांकडून, आणि पूर्वेला नवे बंगले झालेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिंदुमाधवांनाही. ते घरून आणलेलं स्टूल घेऊन मुकाट्याने पूर्वेला गेले.

तीन ते सहा. दर पाव तासाला एक चौकट, एकूण बारा. चौकट पाव तास संपल्यावरच भरायची, तीही बॉलपेनने. चारच्या सुमाराला बारीक भुरभुर सुरू झाली आणि वारा गुडघ्यांत शिरला. मागे पश्चिमेला निहारच्या ऑफिसातली मुग्धा कॅमेरा घेऊन बसली होती. ती आनंदाने आकडे सांगत होती. नऊ. अकरा. आणखी दोन. बिंदुमाधवांनी मान वळवली नाही. त्यांच्याकडे घारी आल्या आठदहा, पण घारी बारमाही, त्या धरायच्या नाहीत. हवाई दलाची विमानं चार आली, ती कुणी विचारली नव्हती. चहा आला, तो त्यांनी नजर आभाळातून न काढता प्यायला. निम्मा स्वेटरने प्यायला.

साडेपाचला निहार डोकावला. कागदावर दहा शून्यं.

"अरेरे. बोअर झालं असेल ना, काका?"

"काम चाललंय."

"हे मी ब्लँकच ठेवतो हं. झीरोने ग्राफ एकदम पडतो."

"मी इथं बसलोय ना?"

"बसलायत की."

"मग? रिकामं म्हणजे माणूस नव्हता. शून्य म्हणजे माणूस होता, पक्षी नव्हता. दोन्हींत अडीच तासांचा फरक आहे."

"बघू या," निहार हसून म्हणाला. पुण्याच्या माणसाचं 'बघू या' म्हणजे नाही, हे बिंदुमाधवांना एव्हाना कळून चुकलं होतं.

सहा वाजले. बाराव्या चौकटीत शून्य पडलं, पेनला टोपण बसलं. उठायचं होतं, पण गुडघे आखडले होते म्हणून ते तसेच बसून राहिले. तेवढ्यात बंगल्यांच्या रांगेतून काहीतरी फिकट निघालं. नर भोवत्या. गवताला घासत सरळ त्यांच्यावर आला, डोक्यावरून गेला आणि मागे गवतात बुडाला. मुग्धाचा कॅमेरा कडकडला.

निहार धावत आला. "काका, ईस्टला एक! सुटलो. लिहा एक."

"सहा वाजून चार मिनिटं झालीत."

"चार मिनिटांनी काय बिघडतं?"

"भोंगा झाला."

"कुठला भोंगा?"

"आणि एक लिहिला, की बाकीच्या अकरा चौकटींचं काय करणारेस?"

निहार गोड हसला. म्हणजे त्या अकरांतून प्रोग्राम आणखी दहाबारा पक्षी काढणार होता.

"मोबाईल काढ. मी सांगतो, तू भर."

"काका, थंडी वाजतेय."

"मला तीनपासून वाजतेय."

निहारने मोबाईल काढला. बिंदुमाधवांनी कागद डोळ्यांशी धरला. "तीन ते सव्वातीन, शून्य. सव्वातीन ते साडेतीन, शून्य."

सातव्या चौकटीला निहारने मान वर केली. "काका, पुढची सगळी शून्यंच आहेत ना?"

"आठवी. पावणेपाच ते पाच."

बारावी भरून झाली, बटण दाबलं गेलं. पश्चिमेचे एकोणतीस, उत्तरेचे सहा, दक्षिणेचे चार, पूर्वेचं शून्य. चौतीस वर्षांत एकाही पाळीच्या उत्पादनावर बिंदुमाधव इतके खूश झाले नव्हते. येताना बसमध्ये कंडक्टरला त्यांनी आपण होऊन विचारलं, जेवण झालं का म्हणून.

"किती आले?" दार उघडताना अनुसूयाबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"आणि त्यासाठी एवढं भिजलात?"

तेवढ्यात फोन वाजला. मुग्धाने फोटो पाठवला होता. अनुसूयाबाईंनी चष्मा लावून तो लांब धरून पाहिला. मावळतीचा राखी उजेड, स्टुलावर कानटोपी घातलेला म्हातारा, आणि टोपीच्या वर हातभर अंतरावर पंख पसरलेला पांढुरका पक्षी. माळावर कुणालाच तो इतक्या जवळून मिळाला नव्हता. म्हातारा मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"हा कोण मग?"

"तो पुढच्या पाळीचा," बिंदुमाधव म्हणाले, आणि ओली टोपी काढून त्यांच्या हातात दिली.