अंगावरचा कोट

“कोट काढ,” डॉक्टर म्हणाले. तमिळमध्ये म्हणाले, सगळ्या हॉलला कळावं म्हणून.

बाकांवर पेशंट होते. नोकरी मागायला आलेल्या नर्स पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली होती. एवढंच.

नर्सचा पांढरा कोट काढला. आतला कुडता काखेत उसवलेला. हात अंगाशी आवळून उभी राहिले.

डॉक्टरांनी भिंतीजवळच्या एकीला बोट दाखवलं. “तू घाल.”

ती पापनाशम गावची. माझ्याच कॉलेजातली, मागच्या बॅचची. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या घामानं ओला कोट चढवला आणि बटणं लावली.

डॉक्टर आमच्यासारखेच तंजावूरचे, घरात मराठी बोलणारे. त्यांचे आजोबा वकील, माझे वडील शिंपी. पहिल्या दिवशी म्हणाले होते, “आपली पोर म्हणून ठेवलो तुला. मला मामा म्हण.” मामा म्हटलं आणि अडकले. ड्यूटीच्या आधी त्यांच्या घरी जायचं. म्हाताऱ्या आईला आंघोळ घालायची, तिची घाण काढायची. मग परसात बसून कॉफी. माझा टंब्लर वेगळा, मोरीजवळ पालथा. सुट्टीचं काढलं की म्हणायचे, “घरच्या माणसाला सुट्टी कशाला?”

त्या दिवशी दुपारपर्यंत मला तशीच उभी ठेवली. मग जवळ आले. आता मराठीत, हळू आवाजात. “आमच्या घरी जाऊन माझ्या आईचे पाय धर, माफी माग. उद्या कोट देतो. नाहीतर ह्या गावात तुला कोण ठेवतो, बघतो.”

ती पापनाशमची सलाईनची बाटली घेऊन धावत होती. उद्या तिलाही भिंतीजवळच्या पोरी दाखवून असंच उभं करतील. आम्हाला एकमेकींचीच भीती घालून हा दवाखाना चालला होता.

“नाही, सर,” मी म्हणाले.

घरी अप्पांनी मशीन थांबवली नाही. “जा, माग माफी. आपलेच लोक ते.”

“आपले असते तर चारचौघांत कोट काढायला लावले नसते.”

डॉक्टरांनी शब्द खरा केला. तंजावूरच्या ज्या दवाखान्यात गेले, तिथं माझं नाव आधीच पोचलेलं. आता साड्यांच्या दुकानात घड्या घालते. पूर्वी रोज रक्तदाब तपासणारे हे हात.

संध्याकाळी दवाखान्याजवळच्या बस स्टॉपवर जाते. ड्यूटी संपवून पोरी येतात. त्यांना सांगते, सुट्टी एकटीनं मागू नका, सगळ्या मिळून आत जा. एखादी थांबते. बाकीच्या मोबाइल बघतात.

परवा पापनाशमची म्हणाली, “येऊ नको, अक्का. माझी नोकरी जाईल.”

“येणार,” मी म्हणाले. “तू शिव्या घातल्यास तरी येणार.”

डॉक्टरांनी वॉचमनला सांगून ठेवलंय, मला हाकलायला. बस स्टॉप काही त्यांच्या बापाचा नाही. उद्या मी तिथंच उभी असेन.