बिनजोडीची दोरी

कुणी काही टाकायला निघालं, की आमच्या शेजारच्या कौसाकाकू त्याचा हात धरायच्या. "थांब, आधी काय हुतं हे?" दुधाची पिशवी, फाटकी ओढणी, ठिबकची जुनी नळी, कशाचंही त्यांना कुतूहल. वस्तूची हकीकत सांगितली, की मगच ती काकूंच्या पोत्यात जायची. मला मेलीला वाटलं, बाई जरा चक्रमच दिसते.

आम्ही नुकतेच बदलीवर जामखेडला आलो होतो. काकूंच्या यजमानांचं पूर्वी सायकलचं दुकान होतं, त्यामुळे घरात आरे काढलेल्या रिंगांचा ढीग. रविवारी गल्लीतल्या पोरी त्यांच्या ओट्यावर जमायच्या. रिंगेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मधोमध एकमेकींवरून जाणाऱ्या दोऱ्या ताणून मध्ये गाठ मारायची. मग साडीची चिंधी एका दोरीच्या वरून, पुढच्या दोरीच्या खालून अशी फिरवत न्यायची, की बसायला आसन तयार. दोघीदोघींत एक रिंग. आमची लेक सई तेवढी उरायची. इथं तिला एकही मैत्रीण नव्हती. 'पुण्याला परत जाऊ' म्हणून रोज रडायची आणि माझा जीव तुटायचा.

एका रविवारी मला राहवेना. हिलाही कुणाबरोबर बसवा की, असं मी काकूंना जरा तोडूनच बोलले. दम धरा ताई, एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पोरींची कुरकुर सुरू झाली. दुसऱ्या फेरीलाही चिंधी नेमकी त्याच दोऱ्यांच्या वरून जात होती, वीण धरतच नव्हती. असं का व्हावं? मीही फतकल मारून बघत बसले. काकूंनी सईला बोलावलं, सुतळीचा तुकडा दिला आणि मधल्या गाठीपासून कडेपर्यंत एकच जादा दोरी बांधायला लावली. पुन्हा चिंधी फिरवली, तर आता वरच्या जागी खालून आणि खालच्या जागी वरून! वीण घट्ट बसली.

"समद्या दोऱ्या जोडीच्या असल्या की वीन बसत न्हाई," काकू म्हणाल्या. "एक बिनजोडीची लागतीच. एरवी ती मीच बांधती, आज सईसाठी ठिवली."

मग काय, ती दोरी बांधायला प्रत्येक रिंगेवरून सईला हाका. तिलाही एक रिंग मिळाली. काकूंचा नियम होता, आपल्या रिंगेची ती दोरी आपण बांधायची नाही. सईची त्या स्वतः बांधायच्या.

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या मुलानं रिंगा आमच्याकडे आणून दिल्या. रविवारी पोरी आमच्या ओट्यावर जमल्या. सईनं सगळ्यांच्या दोऱ्या बांधल्या आणि आपली रिंग मांडीवर आणि दोरीसाठी पिळलेली चिंधी हातात घेऊन नुसती बसून राहिली. मी उठणारच होते, पण पलीकडच्या घरातली मुक्ता आधी उठली. तिनं सईच्या हातातली चिंधी घेतली.

"दे, मी बांधते. पर सांग, आधी काय हुतं हे?"

सई डोळे पुसत काकूंच्या साडीबद्दल सांगायला लागली.