अहमदपूरच्या पुढे गाडी बंद पडली तेव्हा

खरं सांगायचं तर त्या वर्षी देवासमोर उभं राहिलं की माझ्या तोंडी प्रार्थना येत नसे, गाऱ्हाणं येत असे. आणि गाऱ्हाणं तरी कशाचं, तर गाडीचं. लिहितानाही संकोच वाटतो. लोक देवाजवळ लेकराबाळांचं सुख मागतात. मी निरांजन ओवाळताना मनात म्हणायची, बाबा रे, आज तरी ती रस्त्यात बंद पडू देऊ नकोस. आम्ही लातूरला राहतो. मी शाळेत शिकवते, हे जिल्हा परिषदेत आहेत आणि सोबत यांच्या आई. गुडघे धरल्यापासून आईंना एसटीची पायरी चढवेना, म्हणून मोठ्या हौसेनं नवी कोरी गाडी घेतली. शोरूमच्या दारात आईंच्या हातूनच तिला हळदीकुंकू लावलं. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग ती चालता चालता एकाएकी थांबू लागली. आवाज नाही, धूर नाही. समोरचे सगळे दिवे एकदम लागायचे आणि गाडी गप्प व्हायची. थोड्या वेळानं आपली आपण सुरूही व्हायची, जणू काही घडलंच नव्हतं.

शोरूमच्या चकरा सुरू झाल्या. दर वेळी नवा माणूस समोर यायचा आणि त्याला पहिल्यापासून सगळी कथा सांगावी लागायची. गाडी ठेवून घ्यायचे, आठवडाभर फोन उचलायचे नाहीत, आणि मग लख्ख धुऊन परत द्यायचे. "कॉम्प्युटरवर काहीच फॉल्ट दाखवत नाही सर. गाडी ओके आहे." घरी पोचायच्या आत ती ओके गाडी बंद पडलेली असायची. त्यावर कळस म्हणजे दुसऱ्या दिवशी एका मुलीचा गोड आवाजात फोन यायचा, "आमच्या सर्व्हिसला दहापैकी दहा मार्क द्याल ना सर?" आमचे हे मुळात शांत माणूस. पण त्या फोननंतर त्यांनी मोबाईल पलंगावर भिरकावलेला मी पाहिला आहे. हळूहळू घरात गाडीशिवाय दुसरा विषय उरला नाही. जेवतानाही तेच.

मग एका सकाळी आई न्हाणीतून बाहेर आल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. यांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, आणि मोंढ्याजवळच्या चौकात, भर गर्दीत, गाडी थांबली. मागून हॉर्न वाजत होते. यांनी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली, स्टेअरिंगवर मुठी आपटल्या. शेवटी एका ऑटोवाल्यानं सीटवरच्या प्रवाशांना उतरवलं आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. आईंचा जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं लवकर आला असतात तर..." आणि पुढचं बोलले नाहीत. ते न बोललेलं वाक्य यांच्या मनात रुतून बसलं. आईंना रोज किती यातना होत असतील आणि त्या सांगूही शकत नाहीत, या एका विचारानं ते आतून पोखरले गेले. ऑफिसातून आले की आईंच्या पायाशी बसायचे आणि खाली मान घालून रडायचे. मला वाटे, ज्या देवासाठी या बाईनं जन्मभर रविवारचा उपास केला, त्यानं तिला एक चौक ओलांडू देऊ नये?

वाचा अगदीच गेली होती असंही नाही. काही तुटके आवाज उमटायचे. वाचेचे व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. "पाणी म्हणा आजी, भाकरी म्हणा," असं जीव तोडून सांगायच्या, पण आईंच्या तोंडून भलतंच काही यायचं. त्यातले दोन शब्द आम्हाला कळत होते, निदान तसं आम्हाला वाटत होतं. एक "बेड". दवाखान्यात सगळे बेड-बेड करायचे, तोच शब्द जिभेवर बसला असेल, असं आम्ही धरलं. त्या बेड म्हणाल्या की आम्ही दोघं त्यांना उचलून पलंगावर निजवायचो. आणि जेवताना म्हणायच्या, "साकु, साकु." साखर मागतात म्हणून मी वरणातसुद्धा चिमूटभर साखर टाकून भरवायची. त्या तोंड फिरवायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या. मला वाटे, दुखण्यानं हट्टी झाल्यात.

दर रविवारी त्या डाव्या हातानं भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे बोट दाखवायच्या. माळेगावचा खंडोबा आमचं कुलदैवत. लातूरहून नांदेडकडे जाताना अहमदपूरच्या पुढे लागतं. आई दरवर्षी न चुकता जायच्या. गाडी नुकतीच शोरूमहून आली होती, या वेळी तिथल्या मोठ्या "सरांनी स्वतः" तपासली होती म्हणे. यांचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. पण आईंचं बोट खाली येईना. शेवटी एका रविवारी सकाळी नारळ, भंडारा, डब्यात पुरणपोळी असं घेऊन निघालो.

अहमदपूर मागे पडलं, आणि थोड्या वेळानं समोरचे सगळे दिवे लागले. यांनी गाडी कडेला लावली, उतरले आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. रविवार म्हणून शोरूम बंद, टोचन करून न्यायला गाडी यायला दुपार होणार. ऊन चढत होतं. मागच्या सीटवर आईंच्या कपाळावरून घाम निथळत होता. मी पदरानं वारा घालत होते आणि मनात देवाशी भांडत होते. तुझ्याच दारी येत होतो ना?

तेवढ्यात शेताच्या वाटेनं एक बाई आली. चाळिशी उलटलेली, डोक्यावर पदर, हात मातीनं भरलेले.

"काय झालं माय? उन्हात कामून बसलाव?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. तिनं आत डोकावून आईंकडे पाहिलं.

"अगं माय, म्हातारीला कशाला भाजून राहिलाव? चला आखाड्यावर. ह्ये काय, चिंचंखाली घर हाय."

तिनं मला विचारलंही नाही. आईंच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. बांधावरून हळूहळू चालवत आम्ही आईंना तिच्या शेतातल्या घरी नेलं. हे रस्त्यावरच थांबले, फोनवर कुणाशी तरी भांडत. बाईचं नाव महादेवी. तिनं चिंचेखाली बाज टाकली, आईंचे पाय धुतले, ताक दिलं. मग माझं नाही-नाही चाललेलं असतानाच गरम भाकरी ताकात कुस्करून वाटी माझ्या हातात दिली. मी भरवायला लागले. चार घास झाले आणि आई तोंड फिरवून म्हणाल्या, "साकु. साकु."

"थोडी साखर मिळेल का हो?" मी महादेवीला म्हटलं. "त्यांना गोड लागतं."

महादेवी माझ्याकडे बघतच राहिली. "साखर कशाला? त्या तर पुरं म्हनून राहिल्या की."

"म्हणजे?"

"साकु म्हंजे पुरं. कानडीत." आणि ती आईंपुढे उकिडवी बसली. "साकेनव्वा? ब्याड?"

आईंनी मान वर केली. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गर्दीत हरवलेल्या माणसाला कुणी नावानं हाक मारावी, तसा. त्या म्हणाल्या, "ब्याड." मग थांबून, पुन्हा, "ब्याड, ब्याड," आणि हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"ब्याड म्हंजे नको," महादेवी मला म्हणाली.

म्हणजे आम्ही धरलेला बेड तो हा ब्याड. त्या नको म्हणत होत्या, पुरे म्हणत होत्या, आणि आम्ही त्यांना निजवत होतो, भरवत होतो. आईंचं माहेर उदगीरच्या पलीकडे, सीमेवरच्या कानडी मुलखात. हे आम्हाला ठाऊक होतं, पण नुसतं ठाऊकच. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या इकडे आल्या. माहेरी कुणी उरलं नाही, आणि या घरात त्यांच्या तोंडून कानडीचं एक अक्षर यांनीही कधी ऐकलं नव्हतं. महादेवीचं माहेरही त्याच बाजूचं. ती विचारत होती, "याव ऊरव्वा निम्दु?" आणि आई अडखळत, जीभ सावरत, आपल्या माहेरच्या गावाचं नाव सांगत होत्या.

मी धावत रस्त्यावर गेले आणि यांच्या हातातला फोन काढून घेतला. "चला आधी," एवढंच मी म्हणाले. ते आले, चिंचेखाली उभे राहिले. आई बोलत होत्या. तुटक, चुकत, लाळ पुसत, पण बोलत होत्या. महादेवी हुंकार देत होती. मग तिनं यांच्याकडे पाहिलं.

"दादा, ह्या तुमच्याबद्दल सांगून राहिल्या. म्हनत्यात, माजा लेक रोज पायापाशी बसून रडतो. त्याला सांग, मला कुठंबी दुखत न्हाई. त्यानं रडू नये."

हे तिथंच मातीत बसले. आईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि आईंनी डावा हात त्यांच्या केसांतून फिरवला. महादेवी उठून चुलीकडे गेली. मला वाटतं, डोळे पुसायला गेली असावी.

माळेगाव तिथून फार लांब नव्हतं, पण त्या दिवशी आम्ही पोचलो नाही. टोचनगाडी आल्यावर मी आईंना नारळाची पिशवी दाखवली. त्यांनी मान हलवली आणि जमिनीकडे बोट करून म्हणाल्या, "इल्ले." अर्थ सांगायची गरज पडली नाही. महादेवीच्या घरात कोनाड्यात खंडोबाचा टाक होता. तिथंच नारळ फोडला, भंडारा उधळला, पुरणपोळी वाटून खाल्ली. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं माझे दंड धरले. "असं करू नका बाई. मलाच किती वरसांनी माज्या माहेरचं मानूस भेटलं."

पुढे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूला इजा झाली की नंतर शिकलेली भाषा मागे पडते आणि लहानपणची टिकते. असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पण गाडी आणखी थोडी चालली असती, किंवा चार शेतं अलीकडे थांबली असती, तर आम्ही आजही आईंना साखर भरवत बसलो असतो, हेही तितकंच खरं आहे.

गाडीचं म्हणाल, तर शोरूमची माणसं बदलली नाहीत. यांनी ग्राहक मंचात तक्रार केली, तारखा चालू आहेत. श्रद्धा बसली म्हणजे अन्याय गिळावा असं मला वाटत नाही. करायचं ते आपण करतच राहायचं. फरक इतकाच की हे आता तारखेला जातात, परत येतात, आणि जेवताना आईंशी नवा शिकलेला कानडी शब्द बोलून पाहतात. उच्चार चुकला की आई खळखळून हसतात. आपण देवाला काम सांगतो आणि ते कोणत्या वाटेनं करायचं तेही सांगतो. मी ती वाट सांगणं सोडलं. फार मोठं काही केलं असं नाही, पण त्यानं मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं.

महादेवीशी फोन चालू असतात. आईंच्या बोलण्यात हळूहळू मराठीही परतते आहे. परवा संध्याकाळी मी कणीक मळत होते. आईंनी बाहेरून हाक मारली, "मगळे." इतकी वर्षं त्यांनी मला नावानंच हाक मारली होती. हा शब्द नवा होता. काही हवं असेल म्हणून पाणी नेलं, औषध नेलं. त्या नुसत्या बघून हसत राहिल्या. शेवटी पिठाच्या हातानंच महादेवीला फोन लावला.

"अगं बाई," ती म्हणाली, "लेक म्हनून राहिल्यात तुमाला."

मी फोन ठेवला. कणीक तशीच राहिली. बाहेर जाऊन आईंच्या शेजारी बसले, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला.